वरणफळे कोणाच्या हातची

“आमच्या जेवणाला आईच्या हातची चव आहे. माझ्या आईने दोन लहान मुले सांभाळून, कधीही कुरकुर न करता, दोन्ही वेळा ताजे रांधले. तिची वरणफळे, तिचा गुरगुट्या भात आणि तिची झाकणाखालची फोडणी आम्ही आज तुमच्या मुलांच्या ताटापर्यंत पोहोचवत आहोत. बाबांना मात्र साधा चहाही करता येत नसे!”

हा मजकूर माझ्या मुलीच्या डब्यांबरोबर जाणाऱ्या कार्डावर छापलेला आहे. एका बाजूला तमिळ आणि इंग्रजी, दुसऱ्या बाजूला मराठी, आणि शेवटच्या वाक्यापुढे एक हसरा चेहरा. अड्यारमधल्या ज्या घरांत आईवडील दोघेही नोकरीला जातात आणि पाळणाघरातून दमून आलेले मूल संध्याकाळी ‘भूक’ म्हणून रडू लागते, अशा घरांत हा डबा जातो आणि त्याच्यासोबत हे कार्डही जाते. लिफ्टमध्ये भेटणारे लोक माझ्याकडे पाहून हसतात. चहा न येणारे ते बाबा हेच, असा त्या हसण्याचा अर्थ असतो.

चहाचा अपमान मी गिळला असता. उरलेला मजकूर मला अमान्य आहे, आणि तो का अमान्य आहे हे मी येथे लिहीत आहे. मला श्रेय हवे म्हणून हा खटाटोप चालला आहे, असे माझ्या मेहुणीचे मत आहे. तेही चूक आहे. कारण पुढे येईल.

मी मूळचा कऱ्हाडचा. केंद्र सरकारच्या एका कचेरीत नेमणूक झाली म्हणून तरुणपणी या शहरात आलो आणि तिरुवल्लिकेणीत एका मॅन्शनमध्ये राहिलो. एकट्या पुरुष नोकरदारांच्या खोल्यांच्या इमारतीला इकडे मॅन्शन म्हणतात. खोलीत खाट, खुंटी आणि एक खिडकी. खोलीत स्वयंपाक करण्यास सक्त मनाई होती, कारण पूर्वी कोणाच्या तरी स्टोव्हने गादी पेटली होती. मेसमधले रसम मला आवडत असे. पण रोज दोन्ही वेळा तेच पोटात गेले की कणकेची आठवण येऊन माणूस हळवा होतो. मला हळवे होणे मान्य नव्हते. मी वातीचा स्टोव्ह घेतला, कारण पंपाचा आवाज करतो, आणि खाटेखाली लपवला.

एकाच भांड्यात होईल आणि पोट भरेल असा पदार्थ म्हणजे वरणफळे. तुरीचे वरण पातळ करून उकळत ठेवायचे, उपड्या ताटावर बाटलीने कणकेची पोळी लाटायची, तिचे शंकरपाळ्यासारखे तुकडे पाडून त्या वरणात शिजवायचे. आमच्याकडे सर्व गृहिणी आधी फोडणी करतात आणि मग तीत वरण ओततात. मला ते परवडणारे नव्हते. हिंग-मोहरीचा वास जिन्यावरून उतरत थेट व्यवस्थापकाच्या नाकात गेला असता, आणि माझी खिडकी तर नेमकी त्याच्या टेबलावरच उघडत असे. म्हणून मी क्रम उलटा केला. सगळे शिजले की खिडकी लावायची, पळीत तेल तापवायचे, मोहरी तडतडताच पळी भांड्यात बुडवून त्याच क्षणी झाकण दाबून धरायचे. चुर्र आवाज आतच विरतो, वास आतच मुरतो. पदार्थ अधिक खमंग होतो, हे मला नंतर कळले. माझी मुलगी कार्डावर जिला ‘आईची झाकणाखालची फोडणी’ म्हणते, तिचा जन्म असा एका सरकारी नोकराच्या चोरीतून झालेला आहे.

पुढे लग्न झाले. पत्नी तंजावरकडची. तिच्या घराण्याला तमिळ देशात येऊन कित्येक पिढ्या लोटल्या होत्या, आणि घरात बोलली जाणारी मराठी माझ्या पणजोबांना शोभेल अशी होती. पहिले वर्षभर आम्ही एकमेकांच्या भाषेची थट्टा करण्यात सुखाने घालवले. तिचा स्वयंपाक उत्तम होता: आंबट भाजी, डांगराची पचडी, गोळ्याचे सांबार. वरणफळे तिने माझ्याकडे येईपर्यंत पाहिलीही नव्हती. कणीक वरणात बुडवायची, या कल्पनेने ती हसून लोळली. “चुकून पडली असेल तुमच्या आजीच्या हातून,” ती म्हणाली, “आणि आजीनं कबूल केलं नसेल. तुमच्या घराण्याची रीतच ती.”

पहिली मुलगी झाली. ती चार वर्षांची असताना मुलगा झाला. त्यानंतर जे घडले त्याला आज नाव आहे आणि औषधही आहे. तेव्हा डॉक्टरांनी अशक्तपणा म्हणून बाटली लिहून दिली.

मुलगा महिन्याचाही नव्हता. मी सकाळी आंघोळ करून स्वयंपाकघरात आलो तेव्हा ती गॅससमोर पाटावर बसली होती. तांदूळ धुतलेले, पातेले शेगडीवर, पाणी मापून ओतलेले, हातात काड्यापेटी. मुलगा आत रडत होता. तिला तो ऐकू येत नसावा.

“काय झालं?” मी विचारले.

तिने काड्यापेटीकडे पाहिले. “पुढं काय करायचं असतं, ते आठवत नाही,” ती म्हणाली.

मी तिच्या हातातून काड्यापेटी घेतली. त्या सकाळपासून सुमारे अडीच वर्षे माझ्या घरात स्वयंपाक मी केला. कचेरीत जाण्याआधी वरणभात, परतल्यावर वरणफळे किंवा खिचडी, मुलासाठी गुरगुट्या भात, तूप आणि मेतकूट; सवयी मात्र सगळ्या मॅन्शनमधल्याच. मुलगी पाटावर उभी राहून पाहत असे. कणकेच्या पोळीवर कातण फिरवण्याचे काम मी तिला दिले होते, आणि तिने पाडलेल्या तुकड्यांना कसलाच आकार नसे. पत्नी बाहेरच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून असे. बरे वाटले तर दारात येऊन बसे.

तिने एकच अट घातली होती. “मुलांना कळता कामा नये. त्यांची आई स्वयंपाकघरात होती, एवढंच त्यांच्या लक्षात राहू दे.” शेजारीण आली की ती उठून शेगडीजवळ उभी राही आणि मी वर्तमानपत्र घेऊन बाहेर बसे. या कामात आम्ही दोघे इतके तरबेज झालो होतो की बेल वाजल्यापासून दार उघडेपर्यंत पळी माझ्या हातातून तिच्या हातात गेलेली असे. “या वहिनी,” ती म्हणे, “यांना तर पाणीसुद्धा हातात द्यावं लागतं.” शेजारीण माझ्याकडे तुच्छतेने पाही. मी पान उलटत असे. हे मी आनंदाने केले आणि त्याबद्दल मला आजही अभिमान आहे.

ती हळूहळू बरी झाली. एका सकाळी मी कणीक मळत असताना तिने मागून येऊन परात ओढून घेतली आणि म्हणाली, “किती पाणी घालता हो? चिखल झालाय.” त्या वाक्याइतके गोड वाक्य मी आयुष्यात ऐकलेले नाही. त्यानंतरची तिची सगळी वर्षे स्वयंपाकघर तिचेच होते. वरणफळे ती क्वचित करी, तीही आधी फोडणी करून. तीन वर्षांपूर्वी ती गेली. अट मात्र कायम होती.

आता मुद्द्याचे. पत्नी गेल्यापासून मी मुलीकडे राहतो. तिला दोन वर्षांची एक मुलगी आहे. बाळंतपणानंतर नोकरी सोडून तिने हे डब्यांचे काम सुरू केले. जावई संगणकाच्या कंपनीत आहे. सज्जन आहे, परंतु तो घरी येतो तेव्हा डबे गेलेले असतात आणि नात झोपलेली असते. मुलगी हुशार आहे. लहान मुलांना काय आवडते, काय पचते, तिखट किती आणि तूप किती, हे तिला बरोबर कळते. शेजारच्या तमिळ घरांतली मुलेसुद्धा वरणफळांचा डबा आला की नाचतात. या सगळ्याचे मला कौतुकच होते.

गेल्या काही महिन्यांत मात्र ती बदलली. प्रथम मला वाटले, दमली असेल. ती दुपारचे जेवत नसे. विचारले तर “चाखता चाखता पोट भरलं” म्हणे. केस विंचरत नसे. नात तिच्या साडीला धरून ओढत राही आणि ती दुसरीकडेच पाहत राही. रोज दुपारी हातात ती कार्डे घेऊन ती डब्यांवर एकेक लावी, आणि त्यांवरची तिची आई, कधीही कुरकुर न करणारी, तिच्याकडे पाहत असे.

मग एका सकाळी दूध उतू जाऊन गॅस विझला. मला वास आला म्हणून मी धावत आत गेलो, बटण फिरवले, खिडकी उघडली. ती शेगडीपासून हातभर अंतरावर उभी होती. हातात झाकण होते.

“काय झालं, बाळ?”

“काही नाही,” ती म्हणाली. मग म्हणाली, “पुढं काय करायचं होतं, तेच सुचेना.”

सत्तरी ओलांडलेला माणूस शेगडीच्या कट्ट्याला धरून उभा राहतो तेव्हा लोकांना वाटते, वय झाले. मला माझ्या जुन्या स्वयंपाकघरातला तो पाट दिसत होता.

दिलेला शब्द मोडावा की नाही, यावर मी दोन दिवस विचार केला. निष्कर्ष असा निघाला: ज्या मुलांच्या भल्यासाठी शब्द दिला, त्यांच्यापैकीच एकीचा त्या शब्दाने जीव जात असेल, तर तो शब्द पाळणे हा निव्वळ हट्ट ठरतो. मी हट्टी आहे, परंतु मूर्ख नाही.

“तुझ्या आईलाही असंच झालं होतं,” मी तिला सांगितले. “तुझ्या भावाच्या वेळी. ती उठू शकत नव्हती. स्वयंपाक मी करत होतो. तू डॉक्टरकडे चल.”

ती माझ्याकडे अशी पाहू लागली, जणू मी देव्हाऱ्यातली मूर्ती उचलून खाली ठेवली होती.

“बाबा, मला बरं वाटावं म्हणून आईला आजारी पाडू नका.”

“पाडत नाही. होती.”

“आईनं दोन मुलं सांभाळून केलं सगळं. मला एक मूल आणि हे डबे जमत नाहीत. दोष माझा आहे, मला कळतंय ते. पण तिच्यावर नका ढकलू.”

“अगं, तिलाही जमलं नव्हतं. तेच सांगतोय.”

“पुरे, बाबा!”

माझ्या शब्दावर तिचा विश्वास बसेना. म्हणून तिने मावशीला बोलावले. ही माझी मेहुणी, पत्नीची धाकटी बहीण, टी. नगरला राहते. मोत्याच्या कुड्या, कडक इस्त्रीची साडी, आणि स्वतःच्या स्मरणशक्तीवर अढळ श्रद्धा. ती दुपारीच रिक्षाने आली आणि चपला काढता काढताच तिने मला धारेवर धरले.

“ऐयो भावोजी! अक्का गेली, आता तिच्यामागं हे काय नवीन काढलंत?”

“नवीन नाही. जुनंच आहे. तुम्हांला माहीत नव्हतं, एवढंच.”

“मला माहीत नाही? मुलगा झाला तेव्हा मी आठवडाभर होते तुमच्या घरी. सगळं अक्काच करायची. तुम्ही पेपर घेऊन बाहेर बसलेले. माझ्या डोळ्यांसमोर आहे.”

“तुम्ही येणार म्हणून ती उठली होती. तुम्ही गेलात आणि ती महिनाभर अंथरुणातून उठली नाही.”

“असं कसं होईल? सकाळी मी जागी व्हायच्या आत अक्का स्वयंपाकघरात. पहिलं काम खिडकी उघडायची. फोडणीचा धूर तिला सोसायचाच नाही. माहेरीसुद्धा तसंच. मोहरी टाकायच्या आधी खिडकी सताड उघडी पाहिजे. पाऊस आत आला तरी चालेल. अम्मा ओरडायची, ही ऐकायची नाही. मी सांगते ना, मी पाहिलंय तिला.” तिने भाचीच्या डोक्यावर हात ठेवला. “तुझी आई वाघीण होती गं.”

मुलीच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. मावशीला वाटले, आपण धीर दिला. मला दिसत होते की प्रत्येक शब्दागणिक ती पोर अधिकाधिक खाली जात होती.

“वरणफळांचं काय मग?” मी विचारले. “तुमच्या तंजावरात कोण करतं वरणफळं?”

“कुणी नाही. तुमच्याकडचाच तो प्रकार. लग्न होऊन आली, शिकली. बायका शिकतात, भावोजी. पुरुषांसारख्या बसून राहत नाहीत.”

“कोणाकडून शिकली? माझी आई कऱ्हाडला, ती इथे.”

“बाबा, हे कोर्ट नाही!” मुलगी ओरडली.

“आणि ती फोडणी? पळी बुडवून झाकण दाबायचं? ते मी मॅन्शनमध्ये—”

“आईचं पाहून तुम्हीही तसं करू लागला असाल.” तिने तोंड पुसले. “मला आठवतंय, बाबा. मी पाटावर उभी असायची. कणकेचे तुकडे पाडायची. समोर हात दिसतो, पळी दिसते, झाकण दिसतं. तिथं आईच होती.”

“चेहरा दिसतो?”

तिने पदराचे टोक बोटाभोवती गुंडाळले. मग म्हणाली, “आईच असणार. दुसरं कोण असणार?”

आयुष्यभर मी कचेरीत वरिष्ठांशी वाद घातले आणि बहुतेक जिंकले. परंतु आपली लेक स्वतःच्या आठवणीतल्या आपल्याच हातांना ओळखत नाही, यावर माणूस काय युक्तिवाद करणार? मी नातीला उचलून मांडीवर घेतले. तिच्या मुठीत कच्च्या कणकेचा गोळा होता. तो मी सोडवून घेऊ लागलो, तर तिने तो तोंडात घातला.

“चला, डब्यांची वेळ झाली,” मुलगी उठत म्हणाली. त्या आवाजात काहीच नव्हते, रागसुद्धा नव्हता. मला रागाचीच आशा होती.

स्वयंपाकघराच्या दारात मेहुणी खुर्ची घेऊन बसली, तिच्यामागे मी नातीला घेऊन उभा राहिलो. मोठ्या पातेल्यात वरण उकळत होते. मुलीने पोळी लाटली, तुकडे पाडले, एकेक करून सोडले. हात यंत्रासारखे चालले होते. मीठ, गूळ, चिंचेचा कोळ. फळे वर आली. तिने पळी घेतली, तेल ओतले आणि पळी गॅसवर धरण्याआधी डावा हात लांब करून खिडकीची काच सरकवून बंद केली.

बाहेर ऊन भाजून काढत होते. आतली वाफ क्षणात दाटली.

“ऐयो!” मेहुणी पदराने वारा घेत ओरडली. “गुदमरून मरायचंय का? उघड ती खिडकी!”

“फोडणी द्यायचीय, मावशी.”

“म्हणून तर म्हणते! फोडणी देताना खिडकी कोण लावतं? अक्कानं असं तुला—”

वाक्य तिथेच थांबले. वरण मात्र खदखदत राहिले.

मुलीचा हात अजून काचेवर होता. तिने काचेकडे पाहिले, मग पळीकडे, मग मावशीच्या खांद्यावरून माझ्याकडे. तिने गॅस बंद केला, पळी कट्ट्यावर ठेवली आणि खाली फरशीवर बसली, पाय पसरून, लहानपणी बसत असे तशी.

“बाबा,” तिने विचारले, “आईला बरं व्हायला किती वेळ लागला होता?”

मी नातीला तिच्या मांडीवर दिले आणि पळी हातात घेतली. त्या दिवशीचे डबे मी भरले. तिच्या प्रश्नाचे उत्तर मी तिला दिले, डॉक्टरांचेही तिने ऐकले, आणि त्याचा तपशील आमच्या घरातच राहील. कार्ड अजून बदललेले नाही. चहाविषयीचे वाक्य तसेच ठेवण्यास माझी हरकत नाही. ‘कधीही कुरकुर न करता’ हे शब्द मात्र काढावेत, कारण त्या चार शब्दांखाली या घरातली दुसरी आई चिरडली जात होती.

मेहुणी अजूनही मानत नाही. योगायोग आहे, म्हणते; घामाघूम झालेल्या माणसाला भान राहत नाही, म्हणते. तिच्याशी पुन्हा वाद घालण्याची माझी इच्छा नाही. तिने स्वतः दिलेली साक्ष आणि तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट, एवढेच मी शेजारी-शेजारी मांडतो. तिची बहीण फोडणीआधी खिडकी उघडत असे. माझी मुलगी ती लावते.